गप्पाजीरावाचं शेवटचं पान

सेक्टर २, भिलाई
३० ऑक्टोबर १९६०

शाम,

भाऊबीजेचं पार्सल पोचलं. आशीर्वाद लिहाले हात उचलला होता, पन आवरला. तू पाठचा भाऊ हायेस म्हून शिव्या तेवढ्या लिहीत नाही.

पार्सल फोडलं तवा हिरा नाचत होती. नागपूरच्या मामानं पुस्तक धाडलं, मामाच्या हातची चित्रं, वरतं मामाचं नाव छापलेलं. ‘गप्पाजीराव ढगफोडे.’ तिची शाळा हिंदीची, मराठी वाचताना अडखळते, म्हून मी म्हनलं, मीच वाचून दाखवते. शेजारच्या गिरजाबाईची लेकरं आली. बळीराम भाऊची साधना आली, आनि तिच्या मांगं बळीराम भाऊ बी चहाचा कप घेऊन आमच्या पायऱ्याईवर येऊन बसले. हिराचे बाबा नुकतेच ड्युटीवरून आले होते, तोंड धुवून तिथंच टेकले.

पयलं पान वाचलं अन् मले हासू आलं. गप्पाजीराव कारखान्याच्या चिमनीवर चढते, इतका उंच की घारीले म्हनते, “बाई, सरक जरा.” दुसऱ्या पानावर तो जेवनाचा डबा ढगाच्या खुंटीले टांगते. ढग डबा घेऊन रायपूरकडे निघून जाते आनि दुर्गच्या बाजारात वांग्याच्या भाजीचा पाऊस पडते. मंग रशियन साहेब शिंकते आनि त्याची टोपी दल्ली-राजहराच्या डोंगरावर जाऊन पडते. लेकरं लोळून हासत होती. साधना वरडली, “ये तो तेजूकाका की कहानी है!” ह्यायचीच गोष्ट म्हून हे बी हासत होते.

तवा बी माह्या मनात काही आलं नाही. मे महिन्यात तू आमच्या घरी राह्यला. रोज सांजच्याले ह्याच पायऱ्याईवर ह्यायच्या गोष्टी आयकल्या, वहीत चितारून घेतल्या. मले वाटे, भाऊ कौतुकानं करून राहिला. चित्रातल्या जाड भिवया पाह्यल्या, गळ्यातला लाल दुपट्टा पाह्यला. डाव्या कानाची फाटकी पाळी बी पाह्यली. पाळी सुद्धा सोडली नाही तू.

मंग शेवटचं पान आलं. गप्पाजीराव घरात स्टुलावर चढते, बिजलीचा गोळा बदलाले. त्याले भोवळ येते. तो बदकन खाली पडते, लेकरं टाळ्या पिटतात, आनि खाली मोठ्या अक्षरात छापलं हाये, ‘थापा मारणाऱ्याची अशी होते फजिती!’ मी वाचत गेली. जीभ आवरलीच नाही माही.

बळीराम भाऊले ठसका लागला. “अरे,” ते म्हनले, “ये बात इसको किसने बताई?”

लेकरं आपापल्या मायबापाकडे पाहत होती. हे उठले, माठातलं पानी पेले अन् म्हनले, “चांगलं चितारलं शामरावनं.” आत गेले.

दहा दिवस होत आले, ह्यायनं एक गोष्ट सांगतली नाही. लेकरं येतात, बसतात, निघून जातात.

मले एवढंच लिहून धाड. ह्यायले उंचावर भोवळ येते, हे तुले कोनं सांगतलं? मी सांगतलं नव्हतं.

कौशल्या


महाल, नागपूर
७ नोव्हेंबर १९६०

ती. बाईस शामरावचा नमस्कार. तू आशीर्वाद आवरलास, तरी वयाचा मान मी सोडत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एका चित्रांच्या पुस्तकावरून सख्ख्या भावाला इतकं टाकून बोलावं, याचं आश्चर्य वाटलं. पुस्तकात भाऊजींचं नाव कुठेही नाही. जाड भिवया निम्म्या विदर्भाला आहेत. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी ते पुस्तक हातात घेऊन सांगितलं, की लहान मुलांना हसवता हसवता शहाणपण शिकवणारं असं पुस्तक त्यांनी पाहिलं नव्हतं. तुला मात्र त्यात फक्त भावाचा गुन्हा दिसला.

शेवटचं पान नसतं तर त्या पुस्तकाला अर्थ काय उरला असता? नुसती थापांची माळ. मूल हसेल, टाळ्या वाजवील आणि उद्या स्वतःही थाप मारील. मी ड्रॉइंग मास्तर आहे, रोज साठ मुलं माझ्यासमोर बसतात. खोट्याचं खोटेपण दाखवणं हे माझं कामच आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मे महिन्यात बळीरामजींनी पास काढून मला कारखाना दाखवला. भाऊजी उंचावर काम करतात असं मी महिनाभर ऐकत होतो, म्हणून मान वर करकरून त्यांना शोधत होतो. बळीरामजी हसले आणि म्हणाले, “ऊपर क्या देखते हो, मास्टरजी? नीचे देखो.” भाऊजी जमिनीवर उकिडवे बसून तारेच्या दोरांना ग्रीस चोपडत होते. सत्तावन साली त्यांना वरून कसं उतरवावं लागलं, तेही मग बळीरामजींनी सांगितलं. मी त्यांना विचारलं नव्हतं; आता तेच ‘किसने बताई’ म्हणतात.

त्याच संध्याकाळी भाऊजींनी पायरीवर बसून चिमणीची गोष्ट सांगितली आणि हिरा तोंड उघडं टाकून ऐकत होती. बाई, स्वतःच्या मुलीशी रोज खोटं बोलणाऱ्या माणसाची बाजू तू घेतेस. रागवायचंच असेल तर आधी तिथे रागाव.

शामराव


सेक्टर २, भिलाई
१५ नोव्हेंबर १९६०

शाम,

तुहा नमस्कार पोचला. ठेवाले घरात जागा नाही, वापस घे.

तू जे पाह्यलं ते खरं हाये, मी नाही म्हनत नाही. सत्तावन साली ह्यायले खलाशी म्हून, म्हंजे दोरानं जड लोखंड वर चढवनारा म्हून, चढाच्या टोळीत घेतलं. पयल्याच दिवशी चाळीस फुटावर डोये फिरले, हातपाय आखडले. बळीराम भाऊनं कमरेले दोर बांधला आनि पोतं सोडते तसं ह्यायले खाली सोडलं. खाली पन्नास मानसं उभी होती. त्या दिवशी घरी येऊन हे म्हनले, “कौशल्या, ट्रंक भर. गावाकडे जाऊ.” मी ट्रंक भरली नाही. दुसऱ्या दिवशी हे वापस गेले आनि तोंड उघडून सांगतलं, मले वर धाडू नोका, खालचं काय द्याचं ते द्या. पन्नास मानसाईसमोर सांगतलं. तुह्यात हाये एवढी हिंमत?

तू ग्रीस पाह्यलं. ते ग्रीस कायले लावतात, हे इचारलं का? वर जानारा हरेक गर्डर ह्यायच्या हातच्या बांधनीनं वर जाते. तारेचा कोनता धागा उसवला, हे डोये मिटून नुसतं चाचपून सांगतात. तीन वर्सांत ह्यायनं बांधलेलं एक ओझं सटकलं नाही. वर उभा राह्यलेला बळीराम ह्यायच्या गाठीच्या भरवशावर उभा राहते. हे तुह्या पुस्तकात कोन्या पानावर हाये?

इथं सगळ्या लेकराईचे बाप वर जातात. लेकरं इचारत, “काका, आज कितना ऊपर गये?” काय सांगाव त्या मानसानं? म्हून ढगाले खुंटी ठोकली. गिरजाबाईच्या मोठ्या पोराले काय समजत नव्हतं, ढगाले खुंटी नसते म्हून? तरी यायचा, हासाले यायचा. हिराले खरं वाटत होतं, कबूल. सहाची हाये ती. दहाची झाली असती का आपोआपच समजलं असतं, बाप आपल्याले हासवत होता, आनि तवा बी ती हासलीच असती. तू तिले चार वर्स आंधी समजावलं. ते बी टाळ्या पिटून.

आता आयक काय झालं. शाळेत पोरं तिले म्हनतात, “तेरा बाप स्टूल से गिर गया.” काल तिनं एका पोराले पाटी फेकून मारली. ह्यायनं दुसरी पाळी मांगून घेतली, म्हंजे सांजच्याले लेकराईसमोर बसाचंच नोको. घरात कोनी कोनाशी बोलत नाही.

तू हिराले एक कार्ड लिही. एवढंच लिही की शेवटचं पान मामानं मनानं काढलं, ते तुह्या बाबाचं नोय. एवढं लिहिलं त मी तुले पुन्हा काही म्हननार नाही. नाही लिहिलं, त पुढच्या भाऊबीजेले माह्या दारात येऊ नोको.

कौशल्या


महाल, नागपूर
२८ नोव्हेंबर १९६०

चि. हिरा हिस मामाचे आशीर्वाद.

तू शहाणी मुलगी आहेस, म्हणून तुला खरं ते लिहितो. तुझे बाबा चिमणीवर कधी चढलेले नाहीत. त्यांना उंचावर भीती वाटते. ते खाली बसून काम करतात, आणि तेही काम चांगलंच असतं. ढगाला खुंटी नसते. ढग म्हणजे पाण्याची वाफ. त्यावर डबा टांगता येत नाही. यात रडण्यासारखं काही नाही. खरं काय ते कळलं, की मूल मोठं होतं. तुला चित्रांचं भूगोलाचं पुस्तक पाठवीन.

आईला हे कार्ड दाखव.

तुझा मामा, शामराव


सेक्टर २, भिलाई
७ डिसेंबर १९६०

शाम,

तुहं कार्ड आलं. बंद पाकिटात धाडलं असतं त मी फाडून चुलीत घातलं असतं. पन तू कार्ड धाडलं, उघडं. मी नळावर होती. पोस्टमननं ते हिराच्या हातात देलं आनि साधनानं ते पायऱ्याईवर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. क्वार्टराईच्या सगळ्या लाइनीनं आयकलं.

हिरा रडली नाही. मले वाटलं, लेकरू इसरलं. काल-परवा काय झालं ते आता आयक, आनि बसून आयक.

ऐतवारी ह्यायची सुट्टी होती. दुपारी जेवून हे आडवे झाले होते. मी भांडे घासत होती. इतक्यात गिरजाबाई धावत आली, मले हाताले धरून बाहेर ओढलं. खुर्सीपारच्या बाजूनं मोकळ्या मैदानात पान्याची टाकी बांधनं चालू हाये. तिले बांबूची परांची बांधली हाये आनि वरपर्यंत बांबूचीच शिडी. ऐतवार म्हून काम बंद. शिडीच्या टोकाशी, तीसेक फुटावर, हिरा. गळ्यात दुपट्ट्यानं बांधलेला बापाचा डबा.

मंग साधनानं सांगतलं. हिरा तिले म्हनली होती, “मामा झूठ बोलता है. मैं खूँटी देख के आती हूँ.”

चढताना तिले काही वाटलं नाही. वर जाऊन तिनं खाली पाह्यलं आनि तिचे हातपाय आखडले. बापाचंच रगत. “बाबा! बाबा!” एवढंच वरडत होती. मी खाली पदर पसरून उभी होती.

हे धावत आले तसेच शिडीले लागले. एक पायरी, दोन, तीन. चौथ्या पायरीवर हात कापाले लागले, तोंड पांढरंफट. उतरले आनि खाली बसले. बाजूनं एक जवान पोरगा पुढं झाला, भराभर चढाले लागला. शिडी हालली आनि हिरानं अशी किंकाळी फोडली! ह्यायनं त्या पोराचा पाय धरून त्याले खाली ओढलं. “हाललं त सोडंन ते! कोनी चढू नोका!” मंग दोन्ही हातानं शिडीचा बांबू गच्च धरला, मान वर केली, आनि शाम, दीड महिन्यानं ह्यायचा गोष्टीचा आवाज निघाला.

“हिरे! तुह्या पायाखालच्या पायरीवर कोन झोपलं हाये, माहीत हाये का?”

पोरगी रडायची थांबली नाही.

“रायपूरचा ढग झोपला हाये. डबा वापस द्याले आला होता, दमून झोपला. डावा पाय हळूच त्याच्या पोटावर ठेव. हळू. त्याले गुदगुल्या होतात. हाताचा बांबू सोडू नोको.”

तिनं पाय खाली टाकला.

“हासला का नाही? आता उजवा. त्याच्या खालच्या पायरीवर घार बसली हाये. तिले म्हन, बाई, सरक जरा.”

“सरक जरा,” वरून आवाज आला. रडका, पन आला.

अशा एक-एक करून पायऱ्या. एकीवर शिंकनारा रशियन साहेब, त्याच्यासाठी जरा थांबाचं, शिंक होऊ द्याची. एकीवर दुर्गच्या बाजारातली भाजीवाली, ती भाव केल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. मैदानात शंभर मानसं जमली असतीन. मी ह्यायच्या पाठीशी उभी होती. ह्यायची बंडी घामानं भिजून पाठीले चिकटली होती, आनि आवाज असा की जसे काही पायऱ्याईवर बसून चहा पेऊन राहिले.

दहाबारा पायऱ्या राह्यल्या तवा ते थांबले. मले वाटलं, गोष्टी सरल्या. ते म्हनले,

“हिरे, आता आयक. ह्या खालच्या पायरीवर तुहा बाप बसला हाये.”

पोरगी खाली पाहाले लागली, तसे हे वरडले, “खाली पाहू नोको, आयक. तुहा बाप सत्तावन सालापासून तिथंच बसला हाये. वर गेला होता, त्याले भेव वाटलं, त्याले उतरता आलं नाही. लोकाईनं त्याले पोत्यासारखं बांधून खाली आनलं, पन तो तिथंच राह्यला. तू आता त्याले खाली घेऊन ये. हात सोडू नोको. नुसतं म्हन, चला बाबा.”

समोर सगळी लाइन उभी होती. बळीराम भाऊची बायको उभी होती. ठेकेदाराची मानसं उभी होती.

हिरा म्हनली, “चला बाबा.”

आनि उतरत आली. हरेक पायरीले म्हनत आली, चला बाबा, चला बाबा. हाताशी आली तवा ह्यायनं तिले उचललं नाही, दोघंबी तिथंच मातीत बसले. डबा तिच्या गळ्यात तसाच होता.

तुह्यामुळं माही पोरगी तीस फुटावरून पडली असती. हे तुले लिहून ठेवते, जलमभर वाचत राहा. खरं सांगून लेकरू मोठं होते म्हने. मोठं व्हाले लेकरू जित्तं राहाले पाह्यजे.

कौशल्या


सेक्टर २, भिलाई
२ जानेवारी १९६१

शाम,

महिना होत आला, जवाब नाही. लाज वाटत असंन त बरंच हाये. नसंन वाटत, त हे कार्ड शेवटचं.

कौशल्या


महाल, नागपूर
११ जानेवारी १९६१

बाई,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं आहे. हेही फाडीन या भीतीनं लिहून झाल्याबरोबर पेटीत टाकणार आहे.

हिरा वाचली हे भाऊजींचं कर्तृत्व आणि तिच्या जिवावर बेतलं ते माझ्या कार्डामुळे, हे मान्य. याच्यापुढे ‘पण’ लिहायचा मला हक्क नाही, तरी लिहितो. तू मला जाब विचारलास, मलाही तुला एक विचारायचं आहे. बावीस वर्षं विचारलेलं नाही.

मी पाच वर्षांचा होतो, तू अकराची. आई तापानं गेली. मला कोणी सांगितलं नाही. तू सांगितलंस, आई सारसाच्या पाठीवर बसून मोठे तांदूळ आणायला गेली, धानाची रोवणी झाली की सारस तळ्यावर उतरतील, तेव्हा येईल. सारस काय खातो, आई त्याच्या पाठीवर झोपते कशी, पाऊस आला तर काय करते, मी रोज विचारायचो आणि तू रोज सांगायचीस. तुझ्याइतकी सुंदर थाप मी पुढे कुठल्याच माणसाकडून ऐकली नाही. भाऊजींकडूनही नाही.

त्या वर्षी मी तळ्याच्या पारीवर बसून राहिलो. सारस उतरले, आई आली नाही. तू म्हणालीस, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीही बसलो. तिसऱ्या वर्षी शाळेतल्या एका मुलानं सगळ्या वर्गासमोर सांगितलं, तुझ्या आईला मसणात जाळलं, आम्ही पाहिलं. सगळे हसले. मी घरी येऊन तुला काही विचारलं नाही. तू भाकरी वाढलीस, मी खाल्ली. त्या दिवसापासून मी तुझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही.

मे महिन्यात हिरा भाऊजींच्या तोंडाकडे जशी बघत होती ना, तसाच मी तुझ्याकडे बघत असे. मला ते सहन झालं नाही. शेवटचं पान मी शहाणपण शिकवायला काढलं नव्हतं. हेडमास्तरांना काहीही वाटो, ते मी रागानं काढलं. भाऊजींवरच्या नाही. तुझ्यावरच्या.

तुझं पत्र वाचताना शंभर माणसांत मी उभा होतो असं वाटलं. आणि एकच गोष्ट मनात आली. हिराले तिच्या बापानं खाली आनलं. मले कोनी आनलं नाही, बाई. मी अजून पारीवरच बसून हाये.

प्रकाशक दुसरी आवृत्ती काढतो म्हणतात. भाऊजी म्हणतील तर शेवटचं पान काढून टाकतो. ते म्हणतील ते चित्र तिथे घालतो. त्यांना विचारून कळव. तुला विचारत नाही.

शाम


सेक्टर २, भिलाई
१९ जानेवारी १९६१

शाम,

तुहं पत्र ह्यायले वाचून दाखवलं. सगळं नाही, पुस्तकाचं तेवढं. ह्यायनं बिडी इझवली आनि म्हनले, “पान राहू दे म्हना. चित्र बरोबर हाये, फक्त स्टूल लहान काढला. चाळीस फुटाचा होता.” मंग जरा वेळानं म्हनले, “अन् खालची ओळ खोडा म्हना. पडलेल्या मानसाची फजिती लिहाची नसते.” बस, एवढंच. तुह्यावरचा राग गेला असं समजू नोको. तू आला त हे तुह्याशी बोलतीन का नाही, मी सांगू शकत नाही. माहा बी राग गेला नाही. हिरा झोपेत अजून बांबू धरते.

दुसरी पाळी मात्र सोडली. सांजच्याले पायऱ्याईवर बसतात. परवा बळीराम भाऊ आले, आनि लेकराईच्या मधात बसून म्हनले, “तेजराम, मैंने तेरे को नीचे उतारा था, वो कहानी सुना.” ह्यायनं सांगतली. पोत्यात बांधून सोडलेला मानूस मंधातच पोतं फाडून उडून गेला, असं काहीतरी. बळीराम भाऊ डोये पुसत होते. हासून का कायनं, मी इचारलं नाही.

आता तुह्या इचारन्याचा जवाब.

आई गेली त्या दिवसापासून तू जेवत नव्हता. दोन दिवस तोंडात दाना नाही. आत्याबाई मले म्हनली, काही बी सांग पन त्याले गप कर, त्याच्या तोंडात घास जाऊ दे. माह्या तोंडात बी घास गेला नव्हता, ते कोनी पाह्यलं नाही. समोर तळ्यावरून सारस उडून चालले होते, तेच सांगतलं. मले वाटलं, एका सांजेचं काम हाये. घास गेला का झालं. पन तू घास खाल्ला आनि इचारलं, सारस काय खाते. मंग मले सांगाच लागलं. रोज तू एक इचारे, रोज मी एक बनवे. अकरा वर्साची होती मी, शाम. मरन कसं सांगतात, ते मले कोनं शिकवलं होतं?

शाळेतून आला त्या दिवशी तुहं तोंड पाह्यलं तवाच मले समजलं, कोनीतरी सांगतलं म्हून. मी भाकर वाढली. त्या दिवशी बोलाले पाह्यजे होतं. नाही बोलली. तू बी नाही बोलला. माहं चुकलं असंन त ते चुकलं, सारसाचं नाही.

एक गोष्ट मी कोनालेच सांगतली नाही, ह्यायले बी नाही. तू पारीवर बसाचा तवा मी तुह्या मांगं उभी राहाची. तुले वाटे, बाई राखन करून राहिली. पयल्या वर्सी मी राखनच करत होती. दुसऱ्या वर्सी सारस उतरले, आनि मी बी त्यायच्या पाठीकडे पाहाले लागली. एक-एक पाठ पाह्यली मी. सगळे उतरून झाल्यावर बी मी तिथंच उभी होती, आनि तू मले हात धरून घरी आनलं.

बाई